हापसा, टाकी, टीसीएल : पाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

कोरड्या भागातल्या गावांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. ज्यांनी मोजमापं पाठवली त्यांना नेमकं उत्तर देता आलं. 'पाणी कमी येतं' एवढंच लिहिणाऱ्यांना आम्हालाच उलट प्रश्न विचारावे लागले.

प्रश्न : आमच्या विहिरीत रोज हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो. तरी पाण्यात क्लोरीन उरला की पिवळा रंग देणाऱ्या ओटी द्रावणाच्या तपासणीत रंग येत नाही. पावडर भेसळीची असेल का?

उत्तर : भेसळ असेलही, पण त्याआधी चार साध्या गोष्टी तपासा.

पहिली पावडरच. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये वजनाच्या २५ ते ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याखाली तापलं, की तो उडून जातो आणि हातात उरतो तो चुना. चांगली पावडर कोरडी, मोकळी असते आणि झाकण काढताच नाकात जाते. ओलसर गोळे झालेली, वास गेलेली पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, सावलीत, जमिनीपासून उंच ठेवा. पंपाच्या स्टार्टरच्या खोलीत तर ठेवूच नका, त्या वाफेने तांब्याची कनेक्शनं खाल्ली जातात.

दुसरी गोष्ट विहिरीतलं पाणी. बरेच जण ते अंदाजाने धरतात. गोल विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाण्याची खोली तीन मीटर असेल, तर ३.१४ × ४ × ४ ÷ ४ × ३, म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर, म्हणजेच ३७,७०० लिटर. अडीच ग्रॅमच्या नियमाने पावडर लागते ९४ ग्रॅम. पाऊस पडून पाणी आणखी दोन मीटर चढलं तर तीच मात्रा अपुरी पडते. खोली दर आठवड्याला दोरीने मोजा.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत संभवनीय वाटतं. अडीच ग्रॅमचा नियम बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यासाठी आहे. ३० टक्क्यांच्या पावडरीचे अडीच ग्रॅम म्हणजे लिटरला पाऊण मिलिग्रॅम क्लोरीन. पाण्यात पालापाचोळा, लोह, शेवाळ किंवा गाळ असेल तर तो सगळा तिथेच संपतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. आपल्या पाण्याची भूक किती, हे काढायला पाच बादल्या पुरतात. एक लिटर पाण्यात ३० टक्क्यांची ३३ ग्रॅम पावडर कालवून निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी म्हणजे साधारण १ टक्क्याचं द्रावण. विहिरीच्या पाण्याच्या वीस-वीस लिटरच्या पाच बादल्या भरा आणि त्यांत अनुक्रमे १, २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर द्रावण घाला. सुई काढलेली सिरिंज मापाला उत्तम. यातून लिटरला अर्धा, एक, दोन, तीन आणि चार मिलिग्रॅम अशी मात्रा होते. ढवळा, झाका, अर्ध्या तासाने तपासा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेली सर्वांत कमी मात्रेची बादली ही तुमची मात्रा. ती २ मिलिग्रॅमची निघाली, तर वरच्या विहिरीला ९४ नव्हे, २५० ग्रॅम पावडर लागते. पावडर उतरून २० टक्क्यांवर आली असेल तर ३७५ ग्रॅमच्या आसपास.

चौथी गोष्ट टाकण्याची रीत. कोरडी पावडर काठावरून भुरभुरवणं म्हणजे तळाला चुना भरणं. बादलीत आधी थोड्या पाण्यात पातळ खीर करा. एका बादलीला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्याने पाणी जड होतं. निवळलेल्या पाण्याची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, चारी बाजूंना हलवा. हे रात्री, उपसा थांबल्यावर करा. सकाळपर्यंत क्लोरीनला काम करायला वेळ मिळतो. दिवसभर शेंदलं जाणाऱ्या विहिरीत नवं पाणी झिरपत राहतं आणि दुपारी क्लोरीन संपतो, त्यामुळे तपासणी सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा करा.

ओटीचा रंग दहा सेकंदांत वाचायचा असतो. पाच-दहा मिनिटांनी गडद होणारा पिवळा रंग संयुक्त, म्हणजे पाण्यातल्या घाणीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचाही असतो, तो पाहून फसू नका. ओटीचं द्रावण आरोग्याला घातक आहे, म्हणून शक्य असेल तिथे गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी वापरा. तपासणीसाठी द्रावण किंवा गोळी घातलेलं पाणी कोणत्याही परिस्थितीत पिऊ नका.

प्रश्न : हापसा बराच वेळ मारल्यावर पाणी येतं. मेकॅनिक म्हणतो, बोअर आटला. खरं आहे का?

उत्तर : एकदा पाणी सुरू झाल्यावर धार भरून येत असेल तर बोअर आटलेला नाही. दोष झडपेत किंवा पाइपात आहे. खात्री स्वतः करून घ्या. धार येईपर्यंत हापसा मारा, मग अर्धा तास हात लावू नका. पुन्हा सुरू करताना हाप मोजा. चार-पाच हापांत पाणी आलं तर खालची झडप पाणी धरून आहे. पंधरा-वीस लागले तर पाइपातलं पाणी खाली उतरतंय. कारण फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे खालच्या झडपेच्या रबराखाली अडकलेला वाळूचा कण, झिजलेलं रबर किंवा पाइपाच्या जोडावरची गळती. पाइप वर काढताना प्रत्येक जोड नीट पाहा. गळत्या जोडाच्या आट्या गंजून पातळ झालेल्या दिसतात.

दुसरी चाचणी भरतीची. इंडिया मार्क २ हापशाच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १२५ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण हापाला जवळजवळ ४०० मिलिलिटर, आणि मिनिटाला चाळीस हाप मारले तर १५ लिटरच्या आसपास पाणी मिळायला हवं. सुरुवात लगेच होते पण चाळीस हापांत दहा लिटरच येतं, असं असेल तर पिस्टनवरची बकेट वॉशरं झिजली आहेत. दांडा एकदम हलका झाला आणि थेंबही नाही, तर सळई तुटली किंवा जोडातून सुटली. पाणी येतं, मग हळूहळू तुटतं आणि तासाभराने परत येतं, हे मात्र बोअरची आवक कमी झाल्याचं लक्षण.

मार्क २ मध्ये वॉशर बदलायला अख्खा पाइप वर काढावा लागतो, म्हणजे तिवई, क्लॅम्प आणि चार-पाच माणसं. मार्क ३ मध्ये उभा पाइप रुंद असल्याने सळईबरोबर पिस्टन आणि खालची झडप वर येते, गावातल्या दोघांना जमतं. मात्र रुंद पाइप जड असतो, आणि पाणी खूप खोल असेल तर हा फायदा उरत नाही. नवा हापसा घेताना मेकॅनिक किती लांबून येतो, याचाही विचार करा.

पहाटेचं पहिलं पाणी लालसर आणि नंतर स्वच्छ येत असेल, तर लोह जमिनीतलं नसून पाइपातलं असण्याचा संभव जास्त. पाण्याचा सामू (पीएच) ६.५ च्या खाली असला की पाइपावरचा जस्ताचा लेप काही महिन्यांत जातो. अशा ठिकाणी पुन्हा जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप टाकण्यात अर्थ नाही. स्टेनलेस स्टील किंवा यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) घ्या.

प्रश्न : चारशे वस्तीसाठी सौर पंप बसवायचा आहे. विक्रेता पाच अश्वशक्तीचा सुचवतो. योग्य आहे का?

उत्तर : आकडे मांडू. माणशी २५ लिटर धरलं तर दिवसाला १०,००० लिटर. पंप चालू असताना बोअरमधली पातळी ३० मीटरवर आहे, टाकी जमिनीपासून ८ मीटर उंच आणि पाइपातलं घर्षण २ मीटर समजा. एकूण उचल ४० मीटर. दहा टन पाणी चाळीस मीटर उचलायला निव्वळ १.१ युनिट ऊर्जा लागते. लहान पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर पावणेतीन युनिट. चांगल्या उन्हाचे पाच तास धरले की साडेपाचशे वॅट, आणि धूळ व उष्णतेची घट मिळवून सव्वासातशे-साडेसातशे वॅटचं पॅनल. पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७०० वॅट. तुमच्या पत्रात उचल ६० मीटर लिहिली आहे, पण ती बोअरची खोली आहे. हिशेब खोलीवर नाही, चालू पंपाच्या वेळच्या पातळीवर होतो.

त्याहून मोठा प्रश्न बोअर देतो किती. पाच तासांत १०,००० लिटर म्हणजे तासाला २,००० लिटर. वीस लिटरची बादली ३६ सेकंदांत भरली पाहिजे, आणि तीही सर्वांत कोरड्या महिन्यात, सलग पाच-सहा तास. पावसाळ्यानंतर घेतलेली चाचणी फसवी असते. भाड्याने पंप लावा, सुरुवातीला दर पाच मिनिटांनी आणि नंतर दर अर्ध्या तासाने टेपने पातळी मोजा, आणि बंद केल्यावर ती किती वेळात वर येते तेही लिहून ठेवा. आवकेपेक्षा मोठा पंप लावला तर तो तासाभरात बोअर रिकामा करतो, कोरडा फिरतो आणि जळतो. कोरडं चालणं ओळखून पंप बंद करणारा सेन्सर कागदावर असतोच, तो पंपाच्या वर खरोखर बसवलाय का हे पंप खाली सोडताना उभं राहून पाहा.

टाकी दोन दिवसांची, म्हणजे २०,००० लिटरची ठेवा, ढगाळ दिवस तिच्यावर निघतात. पॅनलवर फांदीची किंवा दोरीवरच्या कपड्याची थोडी जरी सावली पडली तरी अख्ख्या ओळीची वीज पडते. काच सकाळी, थंड असताना पुसा. खारं पाणी ओतून तसंच वाळू दिलं की पांढरा थर चढतो आणि तो धुळीपेक्षा वाईट.

प्रश्न : पाण्यात फ्लोराइड ३ मिलिग्रॅम निघालं. उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड जागेवर राहतं आणि वाफ उडाल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरीन, वाळूचा फिल्टर, उन्हात ठेवलेली बाटली, यांतल्या कशाचाही त्याच्यावर परिणाम नाही. पाणी स्वच्छ दिसतं आणि चवीलाही गोड लागतं, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. वर्षानुवर्षं त्यापेक्षा जास्त पोटात गेलं तर आधी मुलांच्या पक्क्या दातांवर डाग येतात, प्रमाण बरंच जास्त असेल तर पुढे हाडं आणि सांधे धरतात.

सगळ्यांत सोपा उपाय मिसळण्याचा. छताच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. ३ मिलिग्रॅमच्या पाण्यात तेवढंच पावसाचं पाणी घातलं की १.५ होतं. पिण्या-रांधण्यापुरतं केलं तरी पुरे, आंघोळीच्या पाण्याला हात लावायची गरज नाही.

तसं पाणी नसेल तर नालगोंडा पद्धत आहे. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात. तुरटीची मात्रा फ्लोराइड आणि पाण्याची अल्कता (आम्ल पचवण्याची ताकद) या दोन्हींवर ठरते. ती लिटरला काहीशे मिलिग्रॅम असते, म्हणजे गढूळ पाणी निवळायला लागते त्याच्या कितीतरी पट. तुरटीचा खडा चार वेळा फिरवून फ्लोराइड जात नाही. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या भागाइतका. ढवळणं दहा मिनिटांच्या खाली नको, मग तासभर स्थिर ठेवा आणि वरच्या तोटीने पाणी काढा. तळाच्या गाळातच सगळं फ्लोराइड असतं, तो विहिरीजवळ किंवा परसात टाकू नका. अल्कता न मोजता तुरटी वाढवत गेलं तर सामू खाली जातो आणि अॅल्युमिनियम पाण्यात राहतं.

अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा फिल्टर हाताळायला सोपा, पण तो भरला की कळत नाही. पाणी पूर्वीसारखंच दिसतं. किती लिटरनंतर तो पुनर्भारित करायचा याचा आकडा आणि दर महिन्याची तपासणी, हे दोन्ही नसेल तर फिल्टर न बसवलेला बरा. खोटा भरवसा तरी राहत नाही.

प्रश्न : छताचं पाणी साठवतो, पण दोन महिन्यांत वास येतो. टाकी किती मोठी असावी, हेही सांगा.

उत्तर : एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पत्र्याच्या छताला ०.८ ने गुणा. ६० चौरस मीटर छत आणि ५०० मिलिमीटर पाऊस असेल तर हाती येतात २४,००० लिटर. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला माणशी ७ लिटर धरलं तर आठ कोरड्या महिन्यांना ८,४०० लिटर. दहा हजारांची टाकी पुरते. त्याहून मोठी बांधण्याआधी ती भरेल का, हे दुष्काळी वर्षाचा पाऊस धरून पाहा.

वास येतो तो बहुधा पहिल्या सरीने. कोरड्या महिन्यांत साचलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पानं, सगळं टाकीत जातं. पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस बाजूला काढा. ६० चौरस मीटरला ते ३० लिटर. ११० मिलिमीटरचा पाइप मीटरला साधारण साडेआठ लिटर धरतो, म्हणून साडेतीन मीटरचा उभा, तळाला बूच असलेला तुकडा टाकीआधीच्या टी-जोडाला लावा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. बुचाला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडलं तर तो अर्ध्या तासाच्या आत रिकामा होतो. नाहीतर पुढच्या सरीला तो भरलेलाच असतो आणि सगळी घाण सरळ आत जाते. गोची इथेच होते.

टाकीत उजेड नको, शेवाळ उजेडावर वाढतं. ओव्हरफ्लोच्या तोंडालाही डासाची जाळी लावा, ती बहुतेकांची राहून जाते. तोटी तळापासून दहा सेंटिमीटर वर ठेवा आणि तळाला वेगळा गाळपाइप द्या.

प्रश्न : खाऱ्या पाण्याला आरओ प्लांट बसवावा का?

उत्तर : पाणी खरोखर खारट असेल आणि दुसरा स्रोत नसेल तरच. लहान प्लांट निम्मं किंवा त्याहून जास्त पाणी टाकून देतात, आणि त्या टाकाऊ पाण्यात मीठ दुप्पट-तिप्पट झालेलं असतं. ते बोअरशेजारीच मुरवलं तर काही वर्षांत त्याच बोअरचं पाणी जास्त खारं होतं. जड पाण्याने आरओच्या आतल्या पडद्यावर (मेम्ब्रेनवर) खपली धरते. दाब वाढत गेला आणि धार कमी झाली की समजावं. पडदा बदलायचा निधी आधी बाजूला ठेवलेला नसेल, तर प्लांट पहिल्या पडद्यापुरताच चालतो. पाणी गढूळ किंवा जंतूंनी दूषित असेल, पण खारं नसेल, तर आरओचं काम नाही. वाळूचा मंद फिल्टर आणि क्लोरीन पुरे.

प्रश्न : आमची नदी पावसाळ्यापुरती वाहते, पात्रात वाळू खूप. बंधारा बांधला तर पाणी उन्हात उडून जातं. उपाय?

उत्तर : पाणी वाळूतच साठवा. केनियातल्या किटुई आणि माचाकोस भागांत असे वाळूबंधारे मोठ्या संख्येने आहेत. पात्रातल्या खडकावर भिंत बांधायची आणि तिच्यामागे पुराबरोबर आलेली वाळू साचू द्यायची. जाड वाळूतून तिच्या आकारमानाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी काढता येतं. वरचा अर्धा-पाऊण मीटर थर वाळला की खालचं पाणी जवळजवळ उडत नाही, डास होत नाहीत आणि वाळू ते गाळूनही देते. भिंतीच्या मागे छिद्रांचा पाइप जाड खडीत गुंडाळून ठेवा आणि तो काठावरच्या विहिरीत आणा.

हे फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. भिंत एकदम पूर्ण उंच बांधली तर मागे संथ तळं होतं आणि वाळूऐवजी बारीक गाळ बसतो. गाळ पाणी धरतो पण सोडत नाही. म्हणून सांडवा टप्प्याटप्प्याने वाढवायचा. एका पुरात वाळू भरली की पुढचा अर्धा मीटर. जाड वाळू खाली बसते, गाळ वरून वाहून जातो. दुसरं कारण पाया. तो खडकात न घेता वाळूवर किंवा मुरमावर ठेवला, की पाणी खालून निसटतं आणि काठाशी भिंतीचे बाहू आत न नेल्यास पहिल्या मोठ्या पुरात नदी बाजूने वाट काढते. वाळूत लोखंडी सळई ठोकून पात्राचा आडवा छेद काढा, दर दोन मीटरवर खडक किती खोल लागतो ते लिहा. तीन-चार मीटरच्या आत सलग खडक लागत नसेल तर ती जागा सोडा.

प्रश्न : नळाला क्लोरीनचं पाणी येतं, तपासणीही चांगली. तरी मुलांना जुलाब होतात.

उत्तर : नळावरचा नमुना चांगला निघाला, आता घरातल्या भांड्यातला घ्या. बहुधा तिथेच क्लोरीन शून्य निघेल. उघड्या तोंडाचा हंडा आणि त्यात बुडणारा हात, हा रस्ता सर्वांत जवळचा. अरुंद तोंडाचा, तोटीचा कॅन ठेवा, आणि साठवण चोवीस तासांपलीकडे जात असेल तर वीस लिटरला १ टक्क्याचं ४ मिलिलिटर द्रावण घालून अर्धा तास थांबा. द्रावण गडद बाटलीत ठेवा आणि दर आठवड्याला नवं करा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, गाळून घ्या, मग क्लोरीन.

पुरवठा दिवसातून तासभरच होत असेल तर आणखी एक शक्यता आहे. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि गळक्या जोडांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गटारातून किंवा डबक्यातून गेलेला पाइप शोधा. पाणी सुटल्यावर पहिल्या दोन मिनिटांचा नमुना आणि अर्ध्या तासानंतरचा नमुना वेगवेगळे तपासा. पहिल्यात क्लोरीन नाही आणि दुसऱ्यात आहे, असं निघालं तर दोष भांड्यात नाही, त्या पाइपात आहे.